चांदाची तारीख आणि थंडीतली खाडी

मासेमारीच्या बातम्या वर्षातून दोनदा ठळक छापल्या जातात. १ जूनला बंदी लागू झाली की एकदा आणि पावसाळ्यात बंदी उठून होड्या पाण्यात गेल्या की दुसऱ्यांदा. मधल्या डिसेंबर-जानेवारीबद्दल फार तर 'थंडीने मासळी महागली' एवढी एक ओळ येते. ती ओळ खोटी नाही. पण त्या महागलेल्या मासळीमागे भल्या पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस असतो, तो त्या ओळीत दिसत नाही. सध्या थंडी आणि रजबचा महिना सोबत चालू आहेत, म्हणून या वेळी त्याच्याबद्दल लिहितो आहोत.

आम्ही मोठ्या बोटींबद्दल बोलत नाही. किनाऱ्यालगत आणि खाडीत, पाग, कांडाळ, रापण किंवा नुसती गरी घेऊन जी मासेमारी चालते, तिच्याबद्दल हे आहे. रत्नागिरीचा राजिवडा पाहिलेला वाचक हे चित्र लगेच ओळखेल. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या काठी आपल्या दालदी बांधवांची वस्ती आहे. १८८० साली इंग्रजांनी छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्येही मासेमारी करणारे आणि समुद्रावर वावरणारे मुसलमान म्हणून दालदींची नोंद आहे. म्हणजे ही ओळख काल-परवाची नाही. आपल्या समाजात 'कोकणी मुसलमान' म्हटले की आखाती नोकरी, जहाजावरची नोकरी आणि आंब्याची बाग आठवते. जाळेवाला मागे पडतो. लग्नाच्या बोलणीत तर तो अधिकच मागे पडतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

थंडीत खाडीत काय बदलते, ते आधी पाहू.

सहावी-सातवीच्या भूगोलात आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. पुस्तकात दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात थंडीत मतलईचा जोर वाढतो, कारण रात्र लांब असते, आकाश निरभ्र असते आणि जमीन खूप गार होते, तर समुद्र फारसा गार होत नाही. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १८-१९ अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. पुण्या-नाशिकच्या वाचकांना हे ऐकून हसू येईल. पण ओली लुंगी, अंगावर एक जुनी बनियन आणि पूर्वेकडून येणारा मतलई, हे तिन्ही एकत्र आले की १८ अंश पुरेसे होतात. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा हाच वारा पहाटे त्यांना फुकटात बाहेर नेई आणि दुपारचा खारा वारा परत आणी. आता इंजिन आले, तरी पहाटे निघायची सवय तशीच राहिली आहे.

दुसरा बदल पाण्यात होतो. माशाचे रक्त आपल्यासारखे गरम राहत नाही, पाणी जसे असेल तसे त्याचे अंग. खाडीचे उथळ पाणी रात्रीत समुद्रापेक्षा लवकर गार होते. मग मासळी सुस्त होते, खाणे कमी करते आणि खोल जागी जाऊन बसते. शिवाय पावसाळ्यातला गढूळपणा गेलेला असतो. पाणी इतके स्वच्छ की बोय तुमची सावली पाहूनच पळते. म्हणून थंडीत जाड दोऱ्याचे जाळे चालत नाही आणि गरीला बारीक तंगूस लागतो. पाग टाकणाऱ्याला उन्हाकडे तोंड करून उभे राहावे लागते, म्हणजे सावली मागे पडते. आम्ही हे एका चाचांकडून ऐकले. त्यांनी ते एका वाक्यात सांगितले आणि मग अर्धा तास बोय या माशाच्या हुशारीबद्दल बोलले.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. ती म्हणजे चांदाची तारीख.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. दुसरी भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. यामागचे गणित सोपे आहे. चांद्रमासाचे तीस भाग धरले तर चंद्र रोज सुमारे ४८ मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते. ४८ ऐवजी ४५ मिनिटे धरली की पाऊण तास होतो. थोडी चूक राहते, ती खाडीवरचा माणूस डोळ्यांनी दुरुस्त करतो.

आपल्या घरांत तिथी नसते, पण इस्लामी कॅलेंडर भिंतीवर असते. ते चांदाचेच आहे. अमावस्येनंतर चांद दिसतो तेव्हा एखादा दिवस उलटलेला असतो, म्हणून आपली तारीख तिथीपेक्षा साधारण एकने मागे असते. एक मिळवा आणि पाऊणपट करा. आज रजबची ५ तारीख असेल तर पाच अधिक एक सहा, सहा पाऊण साडेचार. भरती साडेचारच्या सुमारास, पहाटेही आणि संध्याकाळीही. तारीख १५ च्या पुढे गेली की एक मिळवून १५ वजा करायचे. चांद दिसण्या-न दिसण्यावरून एक दिवस इकडेतिकडे होईल, तेवढे चालते.

हे कळले की थंडीतली सगळी धावपळ उलगडते. अमावस्या-पौर्णिमेला, म्हणजे आपल्या महिन्याच्या अगदी सुरुवातीला आणि चौदा-पंधराच्या आसपास, उधाण असते. तेव्हा भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी पाच-सहाच्या सुमारास. म्हणजे खाडी सर्वांत रिकामी होते ती फजर आणि मगरिबच्या आसपास. सकाळी सहापासून दुपारपर्यंत इकडे ऊन चढत असते आणि तिकडे समुद्राचे ऊबदार पाणी खाडीत चढत असते. रात्रभर गारठलेली मासळी त्या पाण्याबरोबर हलते, काठाला येते. कांडाळ लावायला, पाग फेकायला ती सकाळ चांगली. याउलट सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या आसपास भांग असतो. पाणी कमी चढते, कमी उतरते, ओढ कमी असते. तेव्हा भरती दुपारी सुरू होऊन मगरिबला पूर्ण होते. थंडीत पहाटे उठून जाळे ओढण्यात त्या दिवशी हशील नाही. जाणता माणूस दुपारचे जेवण करून निघतो आणि नवखा पहाटे जाऊन सर्दी घेऊन येतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आहे. तो आता थंडीकडे निघाला आहे. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा एकाच इसवी सनात दोनदा रमजान सुरू होईल. त्या वर्षी सहरी करून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी हा हिशेब आणखी उपयोगी पडेल, इन्शाअल्लाह.

पुरुष जाळ्यावर असतात, पण उधाणाच्या ओहोटीला खरी गर्दी बायकांची असते. खडकावरची कालवं आणि रेतीतल्या तिसऱ्या याच वेळी मिळतात. आमच्या ओळखीच्या काही घरांत थंडीचे दोन महिने चूल यावरच चालते. घरात कमावणारा पुरुष नसेल तर बारा महिनेही चालते. होडी नको, डिझेल नको, कर्ज नको. कालवाच्या कपारीने हाताला चिरा पडतात आणि गार खारट पाण्यात त्या चिरा झोंबतात, ही त्याची किंमत. टोपलीतल्या तिसऱ्यांसाठी घासाघीस करताना आपल्या भगिनींनी समोरच्या बाईच्या बोटांकडे एकदा पाहावे.

इथे घाटावरच्या वाचकांचा प्रश्न येणार, तो आधीच घेतो. कालवं-तिसऱ्या चालतात का? सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत समुद्राची शिकार हलाल केल्याचे सांगितले आहे आणि सूरह नहलच्या १४ व्या आयतीत समुद्रातून ताजे मांस मिळणे ही अल्लाहची नेमत म्हणून मोजली आहे. शाफई मसलकात पाण्यातच जगणारे जवळपास सर्व जीव हलाल मानले जातात आणि आपले कोकणी बांधव बहुतेक शाफई आहेत. हनफी मसलकात मासळी हलाल, इतर जलचर नाहीत. कोळंबीला मासळी म्हणावे की नाही, यावर हनफी उलेमांतही मतभेद आहेत. खेकडा पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहतो, म्हणून त्याबाबत शाफईंतही दोन मते आहेत. आपापल्या आलिमना विचारावे. पण रत्नागिरीच्या सुनेने कालवाचे कालवण केले म्हणून सोलापूरच्या सासरी नाक मुरडण्याचे कारण नाही. ती तिच्या मसलकावरच आहे.

आता जे बोलायला थोडे अवघड आहे, ते बोलतो.

थंडीत बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. रापण ओढणाऱ्यांची वर्षाची बेगमी त्यावर होते. रापणीला तीस-चाळीस हात लागतात आणि आलेली मासळी त्या सगळ्या हातांत वाटली जाते. पर्ससीन जाळे वेगळे काम करते. ते थव्याभोवती भिंतीसारखे फिरवतात आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखे तोंड आवळतात. आत सापडलेले सगळे वर येते. वर एलईडीचे प्रखर दिवे लावले की दूरदूरची मासळी उजेडाला आपणहून येते. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. एलईडीच्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये दंड लाखांत नेला. तरीही जानेवारीत रात्री समुद्रावर उजेड दिसतो आणि सकाळी रापण रिकामी येते, ही छोट्या मासेमारांची तक्रार दरवर्षी ऐकू येते.

ही तक्रार 'ते' आणि 'आपण' अशी असती तर सोपे होते. पण दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. एकाच मोहल्ल्यात, एकाच मशिदीच्या सफेत पाग टाकणारा आणि पर्ससीनमध्ये पैसे गुंतवलेला खांद्याला खांदा लावून उभा असतो. पर्ससीनवाल्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एका नौकेवर वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक खलाशी असतात, त्यांत पार नेपाळहून आलेलेही असतात. त्या सगळ्यांची घरे त्यावर चालतात आणि बँकेचा हप्ता थंडी-पावसाळा पाहत नाही. हे खरे आहे. आमचा आक्षेप जाळ्याच्या आकारावर नाही. ३१ डिसेंबरनंतर ज्या युक्त्या केल्या जातात, त्यांवर आहे.

सूरह आराफच्या १६३ व्या आयतीत समुद्रकाठच्या एका वस्तीचा उल्लेख आहे. शनिवारी मासेमारी करू नये असा त्यांना हुकूम होता. नेमकी शनिवारीच मासळी पाण्यावर दिसायची, इतर दिवशी यायची नाही. मुफस्सिरांनी लिहिले आहे की त्यांनी शुक्रवारी जाळी लावून ठेवायची, खड्डे खणून ठेवायचे आणि रविवारी मासळी काढायची असा मार्ग काढला. शनिवारी हात लावला नाही, म्हणजे हुकूम मोडला नाही, असा त्यांचा युक्तिवाद. हा किस्सा आपण मक्तबमध्ये ऐकलेला असतो, पण तो यहुदींचा किस्सा म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. परवाना एका जाळ्याचा आणि होडीत जाळे दुसरेच, पोलीस गस्तीची बोट येईपर्यंत दिवे चालू आणि आली की बंद, हे आम्हाला त्या किश्श्यापासून फार लांबचे वाटत नाही. शुक्रवारच्या बयानात एखाद्या किनाऱ्यावरच्या इमामसाहेबांनी यावर दहा मिनिटे बोलावे, अशी आमची विनंती आहे. त्यांचा शब्द मत्स्यविभागाच्या नोटिसीपेक्षा जास्त ऐकला जाईल.

आणि छोट्यांनीही आरशात पाहावे. खाडीत बारीक आसाची जाळी लावणारे छोटेच असतात. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर, त्याखालची पकडू नये. १३५ मिलिमीटर म्हणजे मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही कमी. गिऱ्हाईकाच्या हातात तीच पट्टी दिली तर बाजारातल्या किती टोपल्या उतरतील? 'पिल्लू पापलेट स्वस्त मिळाले' म्हणून घरी आनंदाने आणणारे आपणच असतो.

आता शाळेकडे येतो. थंडीत किनाऱ्यावरच्या शाळांत उधाणाच्या दिवशी हजेरी कमी भरते. चौदा-पंधरा तारखेला आठवी-नववीची काही मुले दुसऱ्या तासाला येतात, केस ओले, बोटे पांढरी पडलेली, आणि तिसऱ्या तासाला झोपतात. आम्हा शिक्षकांच्या खोलीत यावर दोन मते आहेत. एक मत असे की पालकांना बोलावून बजावावे. दुसरे असे की सोडून द्यावे, नाहीतरी ही मुले दहावीनंतर जाळ्यावरच जाणार. दुसऱ्या मताचा आम्हाला राग येतो. पहिले मत बरोबर आहे, पण अपुरे. परीक्षेच्या वर्षात मुलाला पहाटे चारला पाण्यात उतरवू नका, हे पालकांना सांगायलाच हवे. थंडीत ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहून छाती भरते, आणि मग आठवडाभर शाळा बुडते ती वेगळीच. मुलाला न्यायचेच असेल तर भांगाच्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी न्या.

पण उलट टोकही आम्ही पाहतो. मुलगा अभ्यासात बरा निघाला की बाप त्याला होडीजवळ फिरकू देत नाही. 'तुला दुबईला जायचंय, इथे काय करतोस?' असे म्हणतो. बापाची भीती आम्हाला समजते. त्याने जे सोसले ते त्याला मुलाच्या वाट्याला नको आहे. तरी त्या एका वाक्यात मुलगा असे धरून चालतो की घरातले सगळे ज्ञान म्हणजे अडाणीपणा. सातवीत अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना पाऊणपटीचा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा अर्ध्या वर्गाने तो तोंडी केला, आणि ज्यांनी केला त्यांतल्या काहींना अपूर्णांकाच्या चाचणीत शून्य होते. पुस्तकातला तीन-चतुर्थांश आणि चाचांचा पाऊण एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून यंदा रजबच्या पहिल्या तारखेपासून वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. एका रकान्यात चांदाची तारीख, दुसऱ्यात पाऊणपटीने काढलेली भरती, तिसऱ्यात खाडीवर प्रत्यक्ष पाहिलेली वेळ आणि चौथ्यात पहाटेचा वारा, मतलई होता की नव्हता. खाडीकाठी राहणारी मुले पाहून येतात, बाकीची हिशेब करतात. पहिल्या पंधरवड्यात हिशेब आणि प्रत्यक्ष वेळ यांत बहुतेक दिवशी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला आणि तो का निघाला यावरून वर्गात भांडण झाले, ते अजून मिटलेले नाही. शाबान संपेपर्यंत तक्ता चालू ठेवणार आहोत.

बाणकोट, दाभोळ, जयगड, श्रीवर्धन, मुरूड, जिथे जिथे आपले वाचक खाडीवर आहेत, त्यांनी आपल्याकडचा भरतीचा हिशेब, थंडीतल्या वाऱ्यांची नावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या खुणा मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवाव्यात. दालदी बोलीत असतील तर त्याच बोलीत पाठवा, शुद्ध मराठी करण्याच्या भानगडीत पडू नका.